एक घर, एक मत

वाल्डॉर्फच्या मराठी मंडळात शोभना देवस्थळी सभासदच नव्हती. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात राहिली नाही, खुद्द शोभनाच्याही नाही. आणि राहावी तरी कशी? गणपतीचे मोदक तिचे, दिवाळीच्या चकल्या तिच्या, रविवारचा मराठी वर्ग तिचा. मंडळाचं सगळं सामान तिच्या तळघरात. मखरापासून झांजांपर्यंत काहीही हवं असलं की लोक बेल वाजवायचे ती देवस्थळींचीच. अशा बाईला कोण विचारणार, की बाई, तुमचं नाव यादीत आहे का म्हणून?

शोभना मूळची मिरजेची. तिथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. मग जर्मनीला संगणकवाल्यांची गरज पडली, पुण्यात नोकरी करणाऱ्या गुरुदत्तला वाल्डॉर्फच्या एका कंपनीने बोलावलं, आणि दोन हजार एक साली शोभना चार वर्षांच्या तनयाला घेऊन त्याच्या मागोमाग आली. इथे तिला शिकवायला कुणी नव्हतं. बेकरीत जाऊन बोटाने पाव दाखवायचा आणि "डांके" म्हणून परत यायचं, एवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. खणखणीत आवाजाची बाई वर्षभरात कुजबुजायला लागली होती.

म्हणून मंडळ निघालं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. आता जर्मनीत चार टाळकी जमली म्हणून मंडळ होत नाही. चर्चचा रिकामा हॉल रविवारी वापरायला हवा तर आधी रीतसर फेराइन स्थापन करा, म्हणजे नोंदलेली संस्था. तिची घटना लिहा, तिला म्हणायचं झाट्झुंग, आणि ती कोर्टात नेऊन द्या. गणपती बसवायला घटना! पण इथे तसंच असतं. तर ही घटना लिहायला सगळे जमले प्रतापच्या दिवाणखान्यात. प्रताप म्हणजे गुरुदत्तचा कंपनीतला जिवलग, मनाने लोण्याचा गोळा आणि आवाजाने ढोल. मंडळाचा अध्यक्ष तो बिनविरोध झाला. त्याच्या हातून सगळंच बिनविरोध व्हायचं, कारण विरोध सुरू झाला की तो चहा मागवायचा.

पुरुष बाहेर कलमं लिहीत होते आणि बायका आत बटाटेवडे तळत होत्या. बाहेर बसलेली बाई एकच, ईप्सिता. हायडेलबर्गला इतिहासात पीएचडी करत होती, एकटी राहत होती, आणि तोंडाला तिच्या कुलूप नव्हतं.

"सभासदत्व कुटुंबाचं," प्रताप म्हणाला. "एक घर, एक मत. सुटसुटीत."

"म्हणजे मला मत आहे आणि शोभनाताईंना नाही?" ईप्सिता म्हणाली.

"तू एकटी आहेस, म्हणजे तूच तुझं घर. शोभनावहिनी गुरुदत्तच्या मतात आल्याच की."

ईप्सिताने हातातला कप खाली ठेवला, तेव्हाच जाणत्यांनी ओळखलं की आता व्याख्यान होणार. झालंच. ती म्हणाली, "दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी ह्या युरोपात सगळेच्या सगळे राजाच्या मतात आलेले होते. राजाला अधिकार कुणी दिला, तर देवाने. मग काही लोक विचारायला लागले, की देताना पाहिलंय कुणी? ते म्हणाले, माणूस जन्मतो तो कुणाच्या मालकीचा म्हणून जन्मत नाही. प्रत्येकाला स्वतःची अक्कल आहे, स्वतःचे हक्क आहेत, आणि राज्यकर्त्याने राज्य करायचं ते ह्या माणसांनी हो म्हटलंय म्हणून. एवढ्या एका विचाराने सिंहासनं डळमळली. आणि एवढं सगळं करून हीच माणसं घरी आली आणि म्हणाली, बायकोला वेगळं मत कशाला, ती नवऱ्याच्या मतात आलीच. तुमचंच वाक्य, प्रतापदादा. शब्दन् शब्द."

"अगं, आपण गणपती बसवतोय, पार्लमेंट नाही," प्रताप म्हणाला. सगळे हसले.

शोभना झारा हातात घेऊन दारात उभी होती. हसत हसत ती म्हणाली, "ईप्सिता, बाई, घरात एकच मत पुरे. दोन झाली की भांडी पडतात." ह्यावर तर टाळ्याच पडल्या, सगळ्यात मोठी गुरुदत्तची. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला, कोर्टानेही काही हरकत घेतली नाही, आणि वडे गरम होते तोवर मंडळ स्थापन होऊन मोकळं.

नवऱ्याच्या मतात आलेली बाई म्हणजे काय, ते शोभनाला कळलं पुढे तीन वर्षांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. झालं असं की प्रतापच्या बायकोने, नीताने, मुलांचे नाच बसवायला घेतले. मराठी वर्गाला मुलं रडत यायची आणि नाचाला धावत यायची, हे कबूल करायला हवं. हॉल मात्र रविवारी एकच तास मिळायचा. तो कुणाला, ह्यावर वार्षिक सभेत मत घ्यायचं ठरलं. शोभना निर्धास्त होती. आपल्या घरचं मत आहेच.

त्या रात्री जेवताना गुरुदत्त शांतपणे म्हणाला, "मी वर्गाच्या विरोधात आहे."

तिला आधी थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. तनयाच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की घरी जर्मन बोला, मुलगी मागे पडतेय. गुरुदत्तच्या मनाने ते घेतलं होतं. "तिला इथे जगायचंय शोभना. दोन दगडांवर तिचा पाय आपणच ठेवतोय. रविवारी नाचू दे, खेळू दे तिला."

आठवडाभर घरात भांडी पडली. म्हणजे खरोखरची नाही, पण वाद रोजचाच झाला. शोभनाचा संताप वर्गावरून होता तसा आणखी एका गोष्टीवरून होता, आणि ती गोष्ट तिला नीट सांगता येत नव्हती. ती त्याला पटवत होती, विनवत होती, त्याच्या आवडीची आमटी करत होती. का? तर त्याने हात वर करावा म्हणून. हात तर तिलाही होता की! सभेला निघताना गाडीत तिने शेवटी ते बोलून दाखवलं. "माझं मत तुमच्या खिशात आहे," ती म्हणाली. "तुम्ही काढलंत तर निघणार."

गुरुदत्तने सिग्नलला गाडी थांबवून तिच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, मुळीच नव्हता. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मग असं करू. आलटून पालटून. ह्या वर्षी मी तुझं मत देतो. पुढच्या वर्षी माझं. त्या वेळी तू रुसायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," शोभना म्हणाली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघता येईल, असा तिचा हिशेब.

सभेत गुरुदत्तने हात वर केला, वर्ग वाचला, आणि प्रतापने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "बघा, मराठीचं प्रेम असावं तर असं." परत येताना दोघं गाडीत पोट धरून हसली. मग वर्षभर त्याचं हेच पालुपद. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो म्हणायचा, "मार्चमध्ये माझी पाळी आहे हं, विसरू नकोस."

मार्च आलाच नाही त्याचा. जानेवारीत एका सकाळी कंपनीच्या आवारात गाडी लावून तो खाली उतरला आणि तिथेच कोसळला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

शोभना रडली नाही. लोकांना त्याची काळजी वाटली, तिला वाटली नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. सकाळी उठायची, तनयाचा डबा भरायची, ऑफिसांमधून जी कागदपत्रं मागितली जायची ती नेऊन द्यायची. कुणी "हेर्त्सलिशेस बायलाइड" म्हणत सांत्वनासाठी हात हातात घेतला, की आपला हात परत मिळेपर्यंत थांबायची. एकदा तव्याला बोट लागलं, ते तिला दुपारी फोड दिसल्यावर कळलं. मिरजेहून आई फोनवर रडायची आणि शोभना तिकडच्या पाण्याची चौकशी करायची. तनया जर्मनमध्ये काहीतरी विचारायची, शोभना मराठीत काहीतरी उत्तर द्यायची, आणि दोघी आपापल्या खोलीत जायच्या. घर नीटनेटकं होतं. इतकं नीटनेटकं की बघवत नव्हतं.

फक्त रविवारचा एक तास वेगळा होता. हॉलच्या भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावायचा, सात-आठ कंटाळलेली मुलं समोर बसवायची, आणि "म्हणा माझ्यामागून" म्हटलं की तो जुना मिरजेचा आवाज कुठून तरी वर यायचा. तो आवाज ऐकला की तिला कळायचं, की आपण अजून आहोत. तास संपला की पुन्हा सगळं बधिर. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण मार्चच्या सभेची सूचना आली, त्यात हॉलच्या तासाचा विषय पुन्हा आलेला तिने पाहिला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला भीती वाटली. हा तास गेला तर आठवडाभरात आपण कुठेच उरणार नाही, एवढं तिला स्वच्छ कळलं.

सभेला तिला ईप्सिता घेऊन गेली, बसने. वाटेत ईप्सिताने विचारलं, "शोभनाताई, आज मत कोण देणार तुमचं?"

"माझं कुठलं आलं मत?" शोभना म्हणाली. झारा घेऊन दारात उभी राहिलेली ती हसरी बाई तिला आठवली, पण तिचा राग आला नाही की कीव आली नाही. कुणीतरी दुसरीच असावी तशी ती वाटली.

हॉलमध्ये सगळ्यांनी तिला पुढची खुर्ची दिली. "वहिनी, तुम्ही नुसत्या बसा," प्रताप म्हणाला, "आम्ही आहोत." नीताने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि हळूच म्हणाली, "शोभना, माझं तुझ्याशी भांडण नाही गं. मुलांनाच नाच हवाय." खरं होतं ते. नीता खोटं बोलणारी नव्हती.

मग विषय आला. मराठी वर्गाचा रविवारचा तास पुढे चालू ठेवावा, असा ठराव. बाजूचे हात वर झाले, प्रतापने मोजले. विरोधातले वर झाले, मोजले. पुन्हा मोजले. समसमान.

"तर," प्रताप घसा खाकरत म्हणाला, "समसमान म्हणजे आपल्या घटनेप्रमाणे ठराव नामंजूर." हे वाक्य त्याच्याने कसंबसं म्हणवलं. खोलीत कुणीच कुणाकडे बघेना. ज्यांनी विरोधात हात वर केले होते तेसुद्धा चपला शोधायला लागल्यासारखे खाली बघत होते. अडीच महिन्यांच्या विधवेचा वर्ग आपण बंद केला, हे घेऊन घरी जाणं कुणाच्या जिवावर येणार नाही?

आणि मग प्रतापला सुचलं. त्याचा चेहरा उजळला. "एक मिनिट. यादीत गुरुदत्तचं नाव अजून आहे. ते काढायला माझा तरी हात धजला नाही. म्हणजे देवस्थळी कुटुंबाचं मत बाकी आहे. आणि गुरुदत्तचं मत काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी इथेच बसून त्याने हात वर केला होता. वहिनी, तुम्ही त्याच्या वतीने हात वर करा. मी मोजतो."

"प्रतापदादा," ईप्सिता उठली, "माणूस गेला की त्याचं सभासदत्व संपतं. कायदाच आहे. ताईंना द्यायचं तर त्यांचं स्वतःचं मत द्या."

"त्या सभासद नाहीत ना अजून. आज अर्ज केला तर पुढच्या सभेला."

"म्हणजे गेलेल्या माणसाला मत आहे, आणि समोर बसलेल्या बाईला नाही?"

"अगं, ही भावनेची गोष्ट आहे, इथे कायदा काढू नकोस," प्रताप म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "कुणाची हरकत आहे का?"

कुणाचीच नव्हती. नीतानेसुद्धा मान हलवली. सगळी सभा शोभनाकडे बघत होती, मायेने बघत होती, जिंकून टाक एकदाची म्हणून बघत होती. एक हात वर करायचा, बस. कुणाचं नुकसान नाही, कुणाची फसवणूक नाही. वर्ग राहील, तक्ता भिंतीवर राहील, रविवार राहील.

शोभनाने मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. बोटावर भाजल्याचा डाग होता. उचलला असता तर उचलला गेला असता. तिने तो उचलायला घेतलाही, आणि तेवढ्यात तिला गुरुदत्तचा तो आवाज ऐकू आला. मार्चमध्ये माझी पाळी आहे हं.

"ह्यांचं मत मोजायचं असेल," ती म्हणाली, "तर विरोधात धरा."

प्रतापला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. त्याने तो हळू आवाजात पुन्हा समजावून सांगितला, आजारी माणसाला सांगतात तसा.

"कळलंय मला, भाऊजी," शोभना म्हणाली. तिचा आवाज हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ह्यांना वर्ग नकोच होता. तनयाचं जर्मन कच्चं राहतंय म्हणायचे. आम्ही ह्यावरून आठवडाभर भांडलो होतो. गेल्या वर्षी वर गेला तो हात ह्यांचा होता, पण मत माझं होतं. घरात एकच मत, म्हणून आम्ही पाळी लावली होती. ह्या वर्षी पाळी ह्यांची आहे."

प्रतापने हातातलं पेन खाली ठेवलं.

"वहिनी," प्रताप अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळणार होतं?"

"मी कबूल म्हटलं होतं त्यांना," शोभना म्हणाली.

ठराव नामंजूर झाला. प्रतापने तसं लिहून घेतलं, आणि ते लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा त्याने चहा मागवला नाही. लोक हळूहळू उठले. नीता येऊन शोभनाजवळ उभी राहिली आणि तिने रिकामा ग्लास उचलून नेला. शोभनाने भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता काढला. वरच्या टाचण्या ईप्सिताने काढून दिल्या.

ईप्सिताला पुष्कळ बोलायचं असणार. सव्वादोनशे वर्षांचं तिच्याकडे होतं बोलायला. पण ती एवढंच म्हणाली, "गेल्या वर्षी गुरुदत्तदादांनी हात वर केला तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते, ताई. मला वाटलं, बघा, बायकोचं मतसुद्धा त्यांचंच."

"माझंच होतं गं ते," शोभना म्हणाली. तक्ता गुंडाळून तिने काखेत धरला आणि ती टेबलापाशी गेली. "भाऊजी, माझं नाव लिहून घ्या. शोभना देवस्थळी."

प्रतापने मान हलवली. पेन हातात घेऊन तो थांबला. "कुटुंब म्हणून लिहू, वहिनी? तनया लहान आहे, तिचं वेगळं नाही लागत. देवस्थळी कुटुंब, एक मत. ते पुढच्या सभेपासून तुमचं. दर वर्षी तुम्हीच द्यायचं, कुणाला विचारायला नको."

प्रतापने हे धीर द्यायला म्हटलं होतं. बिचाऱ्याला काय माहीत.

शोभना टेबलाची कड धरून उभी राहिली. दर वर्षी. पुढच्या मार्चला तिची पाळी, त्याच्या पुढच्या मार्चलाही तिचीच, आणि त्याच्याही पुढच्या. कुणी अडवणार नव्हतं. कुणी मीठ कमी पडलं म्हणून आठवण करून देणार नव्हतं. त्याची एकच पाळी राहिली होती, आणि ती आत्ता, ह्या खोलीत, तिने त्याला देऊन टाकली होती. काखेतला तक्ता खाली पडला आणि उलगडत गेला. तो उचलायला ती वाकली, आणि तिथेच जमिनीवर बसून, सगळ्या मंडळादेखत, अडीच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली.